सगळ्यांकडे एकच अ‍ॅडमिन लॉगिन आहे, ते कामाप्रमाणे कसं वाटायचं?

तिठ्यावरचा_अ‍ॅडमिन, कुडाळ

नमस्कार मंडळी. आमची कुडाळ एमआयडीसीत छोटी कंपनी आहे, आंबा-काजूच्या व्यापाऱ्यांचं बिलिंग, मालवण-तारकर्लीकडच्या होमस्टेंचं बुकिंग आणि दोन पतसंस्थांचं खातेवहीचं सॉफ्टवेअर एवढं चालवतो. सर्व्हर सात. पाच क्लाउडवर मुंबई रीजनमध्ये, एक ऑफिसातच बॅकअपचा, हे सहाही उबुंटू (लिनक्स), आणि सातवा विंडोज, त्याच्यावर अकाउंटिंग. माणसं म्हणाल तर मालक, मी, दोन डेव्हलपर, सपोर्टला एक ताई, आणि बाहेरचा एक व्हेंडर जो अधूनमधून येऊन बॅकअप आणि विंडोजचं बघतो.

आता गंमत अशी की उबुंटूच्या सहाही मशीनवर अ‍ॅडमिन नावाचा एकच युजर, त्याची एकच की-फाइल (पासवर्डऐवजी लॉगिनला लागते ती), ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून सगळ्यांकडे गेलेली, आणि सुडो (म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावाने कमांड चालवायची सोय) पूर्ण, पासवर्डसुद्धा विचारत नाही. मी लागलो तेव्हापासून असंच चालू आहे. मधे एक डेव्हलपर नोकरी बदलून पुण्याला गेला, त्याच्याकडे ती की अजून असणारच. एप्रिलात ऐन पेट्या सुटायच्या टायमाला कोणीतरी डेटाबेसची सर्व्हिस रीस्टार्ट केली, तिकडे वाशीला गाड्या निघायच्या आणि इकडे बिलं छापेनात, लॉग उघडला तर सगळीकडे अ‍ॅडमिन अ‍ॅडमिन, कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. वर आता एका पतसंस्थेच्या ऑडिटरने लेखी मागितलंय की सर्व्हरवर कोणाला काय अधिकार आहेत त्याची यादी द्या. काय देऊ? 'सगळ्यांना सगळं' असं एका ओळीत लिहून देऊ?

मालकांचं म्हणणं असं की पावसात लाईट जाते, नेट जातं, तू करूळ घाटात अडकलास तर कोण बघणार, असू दे सगळ्यांकडे. त्यांचंही अगदीच चूक आहे असं नाही.

माझ्या डोक्यात असं आहे की डेव्हलपरना सुडोमध्ये सगळं द्यायचं, फक्त एसयू (दुसरा युजर बनणं), बॅश (शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा), पासवर्ड बदलणं आणि व्हिसुडो (सुडोचे नियम बदलणं) एवढ्या कमांड उद्गारचिन्ह लावून वगळायच्या. सपोर्टच्या ताईला लॉग बघणं आणि टॉमकॅट (वेब अ‍ॅप चालवणारी सर्व्हिस) रीस्टार्ट, व्हेंडरला बॅकअप. जमेल का असं? रोल, म्हणजे अधिकारांचे गट, किती करायचे? आणि गणपतीत ऑफिसात चिटपाखरू नसतं तेव्हा काय करायचं?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

'सगळं द्यायचं आणि चार वगळायचे' हे आधी डोक्यातून काढा. सुडो कमांडचा पाथ (ती फाइल कुठे आहे तो पत्ता) बघतं, ती कमांड आतून काय करते ते त्याला कळत नाही. तुम्ही बॅश वगळलंत, डेव्हलपरने बॅशची फाइल आपल्या होम फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने कॉपी केली आणि सुडो लावून चालवली, झाला रूट. शिवाय पायथॉन आहे, पर्ल आहे, कुठलाही एडिटर आहे. हे मी काही नवीन शोधून सांगत नाहीये, सुडोच्या मॅन्युअलमध्येच स्पष्ट लिहिलंय की असं वगळून सुरक्षितता येत नाही. २०१९ मध्ये तर आणखी मजा झाली होती, 'रूट सोडून कुठल्याही युजरच्या नावाने चालव' असा नियम ज्यांनी लिहिला होता त्यांच्याकडे युजर आयडीच्या जागी उणे एक टाकला की सरळ रूटच मिळायचा, १.८.२८ मध्ये ते दुरुस्त केलं. तेव्हा यादी नेहमी उलटी करायची, काहीच नाही इथून सुरू करून लागेल तेवढं द्यायचं.

आता प्लॅनिंगचं. माणसांची नावं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि कामांची यादी करा. त्या अ‍ॅडमिन युजरची हिस्ट्री काढा, ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींची फाइल) सुडोच्या ओळी असतात त्या काढा, आणि प्रत्येकाला चहाला बसवून विचारा की तू सर्व्हरवर नेमकं काय करायला जातोस. उत्तरं बहुतेक ठरलेलीच येतील बघा. लॉग वाचणं, एखादी सर्व्हिस रीस्टार्ट करणं, नवीन बिल्ड (अ‍ॅपची नवी आवृत्ती) टाकणं, डेटाबेसवर क्वेरी मारणं, डिस्क भरली की जुन्या फाइली उडवणं. प्रत्येक कामासमोर लिहा की ते कुठल्या सर्व्हरवर, किती वेळा लागतं आणि रूटशिवाय होऊ शकतं का. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण निम्म्याहून जास्त गोष्टींना रूट लागतच नाही, लोक सवयीने सुडो टाइप करतात.

उदाहरणार्थ लॉग. सिस्टीमचे लॉग वाचायचे तर उबुंटूवर एडीएम नावाचा ग्रुप आहे आणि जर्नलसाठी (सिस्टिमडी, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम, त्याचे लॉग) सिस्टिमडी-जर्नल नावाचा, त्या ग्रुपात माणूस टाकला की सुडोचा संबंधच संपला. अ‍ॅप्लिकेशनचे लॉग मात्र वेगळ्या ग्रुपला द्या, पतसंस्थेच्या लॉगमध्ये सभासदांचे मोबाइल नंबर, खाते नंबर असली काय काय घाण पडलेली असते ते एकदा उघडून बघाच, ते होमस्टेच्या बुकिंगवाल्याने बघायचं काही कारण नाही. बिल्डचंही तसंच, ते ठेवायचा फोल्डर डिप्लॉय (नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणं) नावाच्या ग्रुपच्या मालकीचा करा, फाइल ठेवायला रूट नको, फक्त सर्व्हिस रीस्टार्ट करायला एक ओळ सुडोमध्ये.

रोल तुमच्याएवढ्या कंपनीला फार करू नका. सपोर्ट, डिप्लॉय, डेटाबेस आणि पूर्ण अ‍ॅडमिन, बस. दहा केलेत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही कुठला कशासाठी केला होता. पण एक करा, रोल सर्व्हरप्रमाणे वेगळा लागू करा. टेस्टच्या मशीनवर डेव्हलपरना पूर्ण सुडो खुशाल द्या, मोडूदेत काय मोडायचं ते. प्रॉडक्शनवर फक्त डिप्लॉय. आणि पतसंस्थांच्या मशीनला वेगळा ग्रुप, बिलिंगवर डिप्लॉय करणाऱ्याला तिकडे आपोआप प्रवेश मिळता कामा नये.

नियम लिहिताना माणसाचं नाव लिहू नका, ग्रुपचं नाव लिहा, टक्क्याचं चिन्ह लावून. प्रत्येक रोलची वेगळी फाइल सुडोअर्स डॉट डी या सुडोच्या नियमांच्या फोल्डरमध्ये. तिथे एक खोच आहे, फाइलच्या नावात टिंब असलं तर सुडो ती फाइल वाचतच नाही आणि एरर पण देत नाही, लोक तासन्‌तास डोकं आपटतात. आणि दोन नियम एकाच कमांडला लागू झाले तर शेवटचा चालतो, वरचा कडक नियम खालच्या ढिल्याने सहज पुसला जातो. एडिट नेहमी व्हिसुडोनेच, आणि दुसऱ्या खिडकीत रूटचं सेशन उघडं ठेवून.

फणसाचो_गरो, रत्नागिरी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. पाच माणसांच्या कंपनीला एवढं सगळं कशाला? प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा युजर द्या, स्वतःची की द्या, सुडो पूर्ण द्या. कोणी काय केलं ते लॉगमध्ये येईल, ऑडिटरला यादी देता येईल, पुण्याला गेलेल्याचं खातं बंद करता येईल. एका दुपारचं काम. बाकी रोल वगैरे आखत बसलात की आंब्याच्या सीझनला कोणाची तरी परवानगी नेमकी अडते, व्यापारी फोनवर शिव्या देत असतो, आणि मग मालक वैतागून परत सगळ्यांना सगळं देऊन टाकतात, आणि आधी होतं त्याहून वाईट होऊन बसतं कारण आता कोणीच ते कागदावर लिहीत नाही. हे मी जवळून बघितलंय.

रातांबा, सावंतवाडी

गरो, तुमचं अर्धं पटलं. नावाचे युजर ही पहिली पायरी हे शंभर टक्के, आणि ती उद्याच करावी, रोलची वाट बघत बसू नये. पण ज्याला पूर्ण सुडो आहे तो लॉगही पुसू शकतो ना, मग 'लॉगमध्ये येईल' याला अर्थ काय राहिला. आणि दरवेळी आपल्याच माणसावर संशय असतो असंही नाही, डेव्हलपरचा लॅपटॉप गाडीत राहिला, कोणी उचलला, त्यावर पतसंस्थेच्या सर्व्हरच्या रूटची की, हे जास्त घडण्यासारखं आहे.

मला बोलायचंय ते ताईंच्या रोलवर, कारण तिथेच सगळे फसतात. समजा तुम्ही फार विचार करून तिला दोनच कमांड दिल्यात, टॉमकॅटचं स्टेटस बघणं आणि टॉमकॅट रीस्टार्ट. निरुपद्रवी वाटतं. आता स्टेटसचं आउटपुट लांब असलं की ते लेसमध्ये (मजकूर पान पान करून दाखवणारा प्रोग्राम) उघडतं, खाली कर्सर लुकलुकत राहतो, आणि लेसमध्ये उद्गारचिन्ह आणि एसएच टाइप करून एंटर मारलं की शेल मिळतं, कोणाचं, तर ज्याच्या नावाने कमांड चालू होती त्याचं, म्हणजे रूटचं. सिस्टिमडीच्या २४७ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये हे असंच चालायचं, पुढे त्यांनी सुडोखाली चालताना लेसचा तो दरवाजा बंद केला. तुमच्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे ते बघा. खरं तर स्टेटसला सुडो लागतच नाही, जर्नलच्या ग्रुपात असली की पुरे, त्यामुळे ती ओळच काढून टाका. रीस्टार्टची ओळ ठेवा, पूर्ण पाथ आणि सर्व्हिसचं पूर्ण नाव लिहून.

आणि कृपा करून तारांकन वापरू नका. अमुक लॉग फोल्डर मग तिरकी रेघ मग तारा, असं कॅटला (फाइल दाखवणारी कमांड) दिलंत तर लिहिणाऱ्याच्या मनात 'त्या फोल्डरमधली कुठलीही फाइल' असतं, पण सुडोच्या दृष्टीने कमांडच्या पुढच्या भागातला तारा म्हणजे काहीही, त्यात स्पेस आली, तिरकी रेघ आली, दोन टिंबं देऊन वर जाणंही आलं. म्हणजे तिथून शॅडो फाइल वाचता येते, सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश असतात ती.

तसंच व्हीआय, टार, फाइंड, आरसिंक, गिट यातलं काहीही सुडोने देताय म्हणजे पूर्ण रूट देताय असं धरून चाला. कॉन्फिग फाइल एडिट करू द्यायचीच असेल तर सुडोएडिट आहे, त्यात एडिटर माणसाच्या स्वतःच्या नावाने चालतो आणि फाइल तेवढी मागून बदलली जाते. डिप्लॉयची स्क्रिप्ट सुडोने चालवणार असाल तर ती स्क्रिप्ट आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो, दोन्ही रूटच्या मालकीचे हवेत, नाहीतर माणूस स्क्रिप्टच बदलेल.

तिठ्यावरचा_अ‍ॅडमिन, कुडाळ

बापरे. टारची ओळ मी व्हेंडरसाठी लिहून पण ठेवली होती, लावली नव्हती अजून.

एक विचारतो, आमचे दोन्ही डेव्हलपर डॉकर ग्रुपमध्ये आहेत, बुकिंगचं अ‍ॅप कंटेनरमध्ये (डॉकरने केलेल्या वेगळ्या बंद डब्यात) चालतं म्हणून. त्यांना सुडो नाही दिला तरी तो ग्रुप चालेल ना?

रातांबा, सावंतवाडी

नाही. डॉकर ग्रुप म्हणजे रूटच, फक्त पाटी वेगळी. सर्व्हरची अख्खी डिस्क कंटेनरमध्ये माउंट करून आत रूट म्हणून बसता येतं, सुडोच्या लॉगमध्ये त्याची एक ओळसुद्धा येत नाही. डॉकरवाल्यांनी स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हा इशारा दिलेला आहे. प्रॉडक्शनवर त्यांना त्या ग्रुपमधून काढा आणि कंटेनर बदलायची एक ठराविक स्क्रिप्ट द्या, आत कुठली इमेज आणि काय माउंट ते तुम्ही लिहायचं, डेव्हलपरने फक्त व्हर्जन नंबर द्यायचा आणि स्क्रिप्टने तो नंबरच आहे ना ते तपासायचं.

डेटाबेसचं पण आत्ताच बघून घ्या, कारण डेव्हलपरना सर्व्हरवर लॉगिन हवं असतं ते बहुतेक वेळा क्वेरीसाठीच. पोस्टग्रेस (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) असेल तर टेबलांचा मालक हा लॉगिन नसलेला रोल ठेवा, अ‍ॅपचा युजर वेगळा, त्याला वाचणं-लिहिणं एवढंच, टेबल उडवायचा अधिकार नको. डेव्हलपरना फक्त वाचायचा रोल, १४ व्या आवृत्तीपासून सगळा डेटा वाचायचा रोल तयारच मिळतो, पण पतसंस्थेच्या डेटाबेसवर तो देऊ नका, तिथे खाते नंबर झाकलेले व्ह्यू करून त्यांच्यावरच परवानगी द्या. डिफॉल्ट प्रिव्हिलेज (नवीन टेबलाला आपोआप लागणारी परवानगी) सेट करायला विसरलात तर दर डिप्लॉयनंतर नवीन टेबलावर परवानगी नाही म्हणून फोन येईल, आणि तोच तो गरोंनी सांगितलेला वैतागायचा क्षण. सुपरयुजर कोणालाही नको. पोस्टग्रेसचा सुपरयुजर कॉपी कमांडमधून सर्व्हरवरचा प्रोग्राम चालवू शकतो, म्हणजे डेटाबेसमधून बाहेर सर्व्हरवर आलाच तो.

देवगडचो_झिलगो

गाववाल्यानू, ह्या काय नवीन नाय. आमच्या गावऱ्हाटीत बगा, गुरवान पूजा करूची, घाड्यान गाऱ्हाणा घालूचा, पालखेक खांदो कोणी देवचो ता पण ठरलेला. मी मोठो गावकार म्हणान गाभाऱ्यात घुसान पूजा करतंय, असा चलता काय? मान कामाचो. फक्त आमच्याकडे मान पिढीजात, तुमी पुण्याक गेलेल्या झिलाक तो आयुष्यभर ठेव नुको.

आणि मालकाक पण रूट देव नुको. मालक असलो म्हणान काय झाला, तो खय सर्व्हरवर लॉगिन करता? त्येका रिपोर्ट होयो.

तिठ्यावरचा_अ‍ॅडमिन, कुडाळ

हाहा, हे मालकांना सांगायला तूच ये रे बाबा इकडे, येताना पेटी घेऊन ये म्हणजे राग कमी होईल.

पण खरंच, त्यांना कसं पटवायचं? आणि माझा गणपतीचा प्रश्न राहिलाच. पूर्ण अ‍ॅडमिन मी एकटाच राहिलो तर दीड दिवस तरी मी आरतीला असणार, गावी रेंज नाही, त्याच दिवशी डिस्क भरली तर?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

मालकांना पटवायचा आणि गणपतीचा, दोन्हींचा उपाय एकच आहे, आणीबाणीचं खातं. त्यांना भीती ही आहे की गरज पडली तर आत शिरता येणार नाही, ती भीती खरी आहे, तेव्हा तिचीच सोय करा. प्रत्येक सर्व्हरवर एक वेगळा युजर, पूर्ण सुडो, लांबलचक पासवर्ड, रोज कोणीच वापरायचा नाही. पासवर्ड कागदावर, पाकिटात, पाकिटावर सही आणि तारीख. पाकीट मालकांकडे. म्हणजे झिलगो म्हणतो तसं रोजचं रूट त्यांच्याकडे नाही, पण शेवटची किल्ली त्यांच्याकडेच आहे, आणि हे ऐकल्यावर मालक लोक बरेच मऊ होतात.

दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एका ऑफिसचे लॅपटॉप, राउटर आणि पासवर्डची वही सगळं तळमजल्यावर होतं. सर्व्हर क्लाउडवर होते, ते मजेत चालू होते, पण आत जायचा एकही रस्ता कोरड्या जागेत नव्हता. तुमच्याकडे कुडाळला एक पाकीट असलं तर दुसरं कोल्हापूरला किंवा मुंबईला कोणाकडे तरी विश्वासाच्या जागी असू द्या.

त्या खात्याने लॉगिन झालं की लगेच तुम्हाला आणि मालकांना मेसेज गेला पाहिजे, पॅममध्ये (लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) छोटी स्क्रिप्ट लावून करता येतं. वापरलं की दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलायचा, नवीन पाकीट, आणि कशासाठी वापरलं ते एक ओळ लिहायची. आणि पावसाळ्याआधी एकदा खरंच पाकीट उघडून लॉगिन होतंय का बघा, मे महिन्यात, गणपतीची वाट न बघता.

डिस्क भरण्याबद्दल म्हणाल तर ते काम आधीच सपोर्टच्या रोलला देऊन ठेवा, जुने लॉग दाबणारी एक ठरलेली स्क्रिप्ट, तिला काही विचारायचं नाही, काही ऑप्शन नाहीत, ताईने फक्त चालवायची. सुट्टीत उद्भवणाऱ्या अशा गोष्टी दोन-तीनच असतात, तेवढ्या बांधून दिल्या की पाकिटाला हात लागत नाही.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात, क्लाउडचा कन्सोल. सर्व्हरवर तुम्ही कितीही बारीक रोल करा, ज्याच्याकडे कन्सोलचं पूर्ण लॉगिन आहे तो डिस्कचा स्नॅपशॉट (हुबेहूब प्रत) घेऊन दुसऱ्या मशीनला जोडून सगळं वाचू शकतो, सुडोला पत्ताही लागत नाही. तिथे मूळ खात्याला दोन-टप्प्यांचं लॉगिन लावून तेही पाकिटात टाका आणि रोजच्या कामाला नावानिशी वेगळे युजर करा. बिलं बघणाऱ्याला फक्त बिलं.

खाडीपलीकडे, रत्नागिरी

मी ऑडिटच्या बाजूने थोडं लिहिते, कारण तुमचा प्रश्न तिथून सुरू झाला. पतसंस्था या सहकार खात्याखाली येतात, नागरी सहकारी बँकांसारख्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नाहीत, त्यामुळे बँकांचे २०१८ चे सायबर सुरक्षेचे नियम तुमच्या ग्राहकाला थेट लागू नाहीत. पण ऑडिटर प्रश्न तेच विचारतात, आणि उद्या एखादी छोटी बँक ग्राहक म्हणून आली तर तिला लागतीलच. सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश मात्र तुम्हालाही लागू धरून चला, लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळं एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवलेली हवीत, आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना घडली तर लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं. नावानिशी लॉगिनच नसेल तर त्या ६ तासांत तुम्ही लिहिणार काय?

लॉग त्याच सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही, वर रातांबांनी सांगितलंच. आरसिस्लॉगने (लॉग पाठवणारा प्रोग्राम) दुसऱ्या मशीनवर पाठवा, आणि त्या मशीनचा पूर्ण अ‍ॅडमिन शक्यतो दुसरा माणूस असू दे. तुमच्याकडे दुसरा माणूसच नसेल तर तसं कागदावर लिहा, 'मर्यादा आहे, म्हणून मालक दर महिन्याला लॉगचा गोषवारा बघून सही करतात'. ऑडिटरला हे चालतं. लपवलेलं चालत नाही.

यादी कशी द्यायची म्हणाल तर एक्सेलमध्ये चार रकाने, माणूस, रोल, सर्व्हर, कोणी मंजूर केलं. दर तीन महिन्यांनी सर्व्हरवर प्रत्येकासाठी सुडोच्या एल ऑप्शनबरोबर मोठा यू आणि त्याचं नाव देऊन जे येतं ते या यादीशी ताडून बघायचं. फरक निघतोच.

माणूस गेला की नुसता पासवर्ड लॉक करून थांबू नका. लिनक्समध्ये युजरचा पासवर्ड लॉक केला तरी की लावून लॉगिन होतं! खातंच एक्सपायर करावं लागतं. त्याची की दुसऱ्या कोणाच्या होम फोल्डरमध्ये किंवा रूटच्या फोल्डरमध्ये टाकलेली आहे का, त्याच्या नावाचे क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) चालू आहेत का, आत्ता उघडं सेशन आहे का, एवढं बघा. तुमच्या पुण्याच्या डेव्हलपरच्या बाबतीत तर की सामायिक आहे, म्हणजे सगळ्यांना नवीन कीज देऊन जुनी सहाही मशीनवरून काढण्याला पर्याय नाही. नवीन की प्रत्येकाने आपल्या मशीनवर बनवायची आणि फक्त पब्लिक फाइल (सर्व्हरवर ठेवायची, नुसती तिने लॉगिन होत नाही) पाठवायची, ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आली तरी चालेल.

व्हेंडरला खातं देताना एक्सपायरीची तारीख घालूनच द्या, काम असलं की पुढे सरकवा. आणि विंडोजवर त्याला बॅकअप ऑपरेटर्स ग्रुपमध्ये टाकलंय का बघा, नाव साधं आहे पण त्या ग्रुपला फाइलच्या परवानग्या ओलांडून काहीही वाचता येतं. खरं म्हणजे बॅकअप जॉबने आपोआप व्हायला हवा, व्हेंडरने झाला की नाही तेवढा रिपोर्ट बघावा. ज्याच्या हातात बॅकअप त्याच्या हातात सगळ्या पतसंस्थेचा डेटा.

फणसाचो_गरो, रत्नागिरी

बरं, मी माघार घेत नाहीये पण ऑर्डर सांगा. हे सगळं एकदम करायला गेलात तर जूनपर्यंत काही होणार नाही.

तिठ्यावरचा_अ‍ॅडमिन, कुडाळ

गरो बरोबर बोलतायत. मी असं धरतोय, या आठवड्यात नावाचे युजर आणि नवीन कीज, जुना अ‍ॅडमिन बंद, पण बंद करायच्या आधी त्याच्या नावाने चालणारे क्रॉन जॉब शोधून सर्व्हिस युजरवर हलवायचे कारण रात्रीचा बॅकअप त्याच्यावरच आहे असं आत्ता दिसलं. मालकांना पाकिटाचं सांगितलं, "पाकीट माझ्याकडे ना, मग कर काय करायचं ते" म्हणाले. तोपर्यंत डेव्हलपरना नावानिशी पूर्ण सुडो राहू देतो, आणि पतसंस्थांच्या दोन मशीनवर आधी रोल लावतो. बिलिंगला सीझन उतरल्यावर हात लावतो.

एकच राहिलं. ताईच्या रीस्टार्टच्या ओळीला पासवर्ड विचारू दे की नको? ती म्हणते व्यापारी फोनवर असताना पासवर्ड टाइप करायला हात थरथरतात.

रातांबा, सावंतवाडी

माणसाला पासवर्ड विचारू द्या. उबुंटूवर एकदा टाकला की त्या टर्मिनलमध्ये १५ मिनिटं परत विचारत नाही, तेवढ्यात तिचं काम होतं. विनापासवर्ड फक्त आपोआप डिप्लॉय करणाऱ्या सर्व्हिस युजरला, तेही एकाच कमांडला. ताईने उघडं टर्मिनल सोडून जेवायला जाऊ नये एवढं मात्र तिला सांगा, आणि तिच्या लॅपटॉपची स्क्रीन पाच मिनिटांत लॉक होईल असं सेट करून द्या. आणि जुना अ‍ॅडमिन लगेच डिलीट करू नका, एक्सपायर करून ठेवा, महिनाभर ऑथ लॉगमध्ये त्या नावाने कोण दार ठोठावतंय ते बघा, तुमच्या यादीत नसलेली एखादी स्क्रिप्ट किंवा माणूस तिथे सापडेल.